पायाखालचे लाकूड : केव्हा जपावे, केव्हा बदलावे

घराच्या भिंतींना रंग कधी द्यावा, पडदे कधी बदलावेत, याचा विचार घरोघरी होतो. पायाखालच्या जमिनीकडे मात्र ती कुरकुरू लागेपर्यंत किंवा एखादी फळी दबेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. लक्ष गेले की मग दोन टोकाचे निर्णय होतात. काही घरांत 'आजोबांच्या वेळचे सागवान आहे, त्याला काय होणार' असे म्हणून धोक्याकडे डोळेझाक होते, तर काही घरांत थोड्याशा डागांमुळे उत्तम लाकूड उखडून भंगारात दिले जाते. दोन्हीत नुकसानच आहे. एकात जिवाचे, दुसऱ्यात द्रव्याचे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात लाकडी जमिनीची घरे दोन प्रकारची आढळतात. ठाण्यात जांभळी नाका, टेंभी नाक्याच्या आसपास आणि कल्याणात पारनाका, टिळक चौकाच्या परिसरात आजही काही जुनी घरे उभी आहेत. खाली पेढी किंवा दुकान आणि वर संसार, अशी त्यांची रचना. वरच्या मजल्याची जमीन म्हणजे भिंतींवर टेकलेल्या तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर ठोकलेल्या फळ्या. घोडबंदर रस्त्यावरचे मनोरे आणि कल्याण-डोंबिवलीतील नवी संकुले हा दुसरा प्रकार. तेथे काँक्रीटच्या स्लॅबवर शयनगृहात लॅमिनेटच्या किंवा इंजिनिअर्ड वुडच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात. पहिल्या प्रकारात लाकूड घराचा भार वाहते, दुसऱ्यात ते केवळ आच्छादन असते. हा भेद ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा कोणताही निर्णय बरोबर ठरत नाही.

कोकणची हवा आणि लाकडाचा स्वभाव

या भागाला लाकूड नवे नाही. कल्याण हे उल्हास खाडीवरचे प्राचीन बंदर. १६५७ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी ताब्यात घेतल्यानंतर मराठ्यांच्या आरमाराची उभारणी याच खाडीच्या आश्रयाने सुरू झाली. सागवानाची पारख येथल्या सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि हवेची ओल पिऊन लाकूड फुगते व कोरड्या दिवसांत आकसते, हेही त्यांना ठाऊक होते.

लाकूड कापून वाळवले तरी त्याचा हा स्वभाव जात नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात, दरवाजे अडकतात. पौष-माघात त्याच फळ्यांमध्ये बारीक फटी दिसू लागतात. आषाढात फुगलेली जमीन पाहून 'ही आता गेली' असे म्हणणे जितके घाईचे, तितकेच माघातल्या फटी पाहून त्या लांबीने बुजवणेही. बुजवलेल्या फटीतील फळ्यांना पुढच्या पावसात फुगायला जागा उरत नाही आणि त्या मधोमध उचलल्या जातात. वर्षाच्या फेऱ्यात येऊन आपोआप जाणारा बदल हा लाकडाचा स्वभाव होय. ऋतू बदलला तरी जो बदल मागे हटत नाही, तो मात्र दोष समजावा. म्हणून, तातडीचा धोका नसेल तर, निर्णयापूर्वी जमीन एकदा पावसाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात पाहावी.

ओलीचेही प्रमाण असते. लाकडातील पाण्याचा अंश दीर्घकाळ सुमारे २० टक्क्यांच्या वर राहिला, की ते कुजवणाऱ्या बुरशीला अनुकूल परिस्थिती निर्माण होते. हा अंश मोजण्याचे लहानसे यंत्र बहुतेक चांगल्या फ्लोअरिंग कारागिरांकडे असते. केवळ डोळ्यांनी पाहून 'सगळे काढावे लागेल' असे सांगणाऱ्याला हे मोजमाप अवश्य विचारावे.

दोष कोणत्या थरात आहे?

लाकडी जमिनीच्या प्रत्येक थराचा उपाय वेगळा असतो. दोष केवळ पॉलिशमध्ये असेल तर पॉलिश करावे. फळीत असेल तर ती फळी बदलावी. फळीखालच्या कडीत, तुळईत किंवा स्लॅबमध्ये असेल, तर मात्र वरची जमीन काढल्याशिवाय गत्यंतर नसते.

पॉलिशची परीक्षा सोपी आहे. नेहमीच्या वावराच्या जागी पाण्याचा एक थेंब टाकून काही मिनिटे थांबावे. थेंब गोल राहिला तर वरचा लेप शाबूत आहे. थेंब मुरून तेथे गडद डाग पडला तर लेप झिजला आहे आणि लाकूड उघडे पडले आहे. अशा वेळी जमीन घासून पुन्हा पॉलिश केली की ती अनेक वर्षे टिकते.

घासण्यालाही मर्यादा असते. अखंड लाकडाची १८ ते २० मिलिमीटर जाडीची फळी तिच्या आयुष्यात अनेकदा तासता येते. मात्र दोन फळ्या जोडणाऱ्या खाचेच्या वर पुरेसे लाकूड शिल्लक हवे. फटींतून खिळ्यांची डोकी किंवा खाचेची कड दिसू लागली, तर तासण्याचे दिवस संपले. इंजिनिअर्ड वुडमध्ये वरचा अस्सल लाकडाचा पापुद्रा साधारण २ ते ४ मिलिमीटरचाच असल्याने ते एक-दोनदाच आणि जपून घासता येते. लॅमिनेटवर तर लाकडाचे केवळ छापील चित्र असते. त्यावर रंधा किंवा घासयंत्र चालवणे म्हणजे ते नष्ट करणेच होय.

फळ्या कडेला उचललेल्या आणि मध्ये खोलगट दिसत असतील, तर ओल खालून येते आहे असे समजावे. अशी जमीन तशीच घासू नये. कडा घासून सपाट केल्या आणि पुढे लाकूड वाळले, की त्याच फळ्या मध्ये फुगीर आणि कडेला खोलगट होतात. आधी ओलीचा उगम बंद करावा, जमीन पूर्ण वाळू द्यावी आणि मगच रंधा हाती घ्यावा. पुष्कळदा वाळल्यावर फळ्या आपोआप बऱ्याच अंशी सरळ होतात आणि मोठा खर्च टळतो.

जुन्या घरातील तपासणी

जुन्या घरात फळ्यांपेक्षा तुळयांची काळजी अधिक घ्यावी लागते. तुळईचे मधले अंग डोळ्यांसमोर असते, पण ती कुजते बहुधा भिंतीत गेलेल्या टोकाशी. बाहेरची पन्हळ फुटली, भिंतीला पिंपळ रुजला किंवा गिलावा सुटला, की पावसाचे पाणी भिंतीत मुरते आणि टोक आतून सडत जाते. वरून मात्र लाकूड काळेभोर आणि भक्कम दिसते.

दुसरी नाजूक जागा मोरीची. पूर्वी वरच्या मजल्यावरच्या मोऱ्या लाकडी पाटणीवरच चुना-विटांच्या थरावर बांधल्या जात. पिढ्यान्‌पिढ्या झिरपणाऱ्या पाण्याने त्यांच्याखालच्या कड्या सर्वांत आधी खचतात. तिसरी जागा जिन्याच्या तोंडाची. तेथे वावर सर्वाधिक आणि कड्या मधेच तोडलेल्या.

तपासणीसाठी फार साधने लागत नाहीत. पेचकसाच्या मुठीने लाकडावर ठोकत जावे. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोकळ लाकडाचा बद्द. शंका आली तेथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते सहज आत रुतले तर लाकूड आतून गेले आहे. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी ताणून मधला झोक मोजावा, तारीख घालून लिहून ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजावा. जुन्या लाकडाला थोडा झोक असतोच आणि तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. वाढत जाणारा झोक ही धोक्याची सूचना आहे. त्याच्या जोडीला भिंतीत नवी तड, दरवाजाची चौकट तिरपी होणे, चालताना खालच्या मजल्यावर माती गळणे अशी लक्षणे दिसली, तर वाट न पाहता तो भाग रिकामा करून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. येथे सुताराचा अनुभव मोलाचा असला तरी अंतिम शब्द इंजिनिअरचा असावा.

तुळया आणि कड्या निरोगी असतील आणि खराब फळ्या मोजक्या असतील, तर तेवढ्याच बदलाव्यात. जुने सागवान आज सहज मिळत नाही. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली, आणि पूर्वी ज्याला ब्रह्मदेशी साग म्हणत, तसे लाकूड दुर्मीळ झाले. जी फळी शंभर वर्षे टिकली तिला केवळ रंग उडाला म्हणून काढणे व्यवहाराला धरून नाही. काढावीच लागली तर तिचे चांगले तुकडे पाट, चौरंग किंवा कपाटाच्या फळीसाठी ठेवावेत.

नव्या सदनिकेतील जमीन

नव्या घरात लाकडाखाली स्लॅब असल्याने कोसळण्याची भीती लाकडामुळे नसते, पण ओलीचे मार्ग येथेही आहेत. पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर खिडकीतून येणारी झड, वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी, न्हाणीघराच्या उंबऱ्यातून झिरपणारा ओलावा आणि भरपूर पाण्याने पुसण्याची सवय, ही नेहमीची कारणे. लॅमिनेटच्या पोटात दाबलेल्या लाकडी तंतूंचा गाभा असतो. तो एकदा पाण्याने फुगला की वाळल्यावर पूर्ववत होत नाही. सांध्यांच्या कडा वर आल्या, वरचा थर सुटू लागला, पाऊल टाकताना जमीन स्पंजासारखी दबली किंवा कुबट वास येऊ लागला, तर ते पट्टे बदलावेच लागतात.

मात्र बदलण्यापूर्वी पाणी कोठून आले ते शोधावे. लाकूड काढल्यावर उघड्या स्लॅबवर दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने घट्ट बसवून एक दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूस दव जमले किंवा खालचे काँक्रीट काळपट दिसले, तर स्लॅब अजून ओलसर आहे. त्यावर कितीही महागडे लाकूड घातले तरी दोन पावसाळ्यांत पुन्हा तोच प्रसंग येईल. पट्ट्या बसवताना भिंतीलगत ८ ते १२ मिलिमीटर मोकळी जागा सोडली आहे ना, हेही पाहावे. ती जागा न सोडल्यामुळे फुगून उचललेली जमीन कित्येकदा केवळ कडा कापून दुरुस्त होते, नवी घ्यावी लागत नाही. आणखी एक व्यावहारिक सूचना : जमीन बसवताना त्याच लॉटची एक पेटी जपून ठेवावी. काही वर्षांनी तो नमुना बाजारात मिळत नाही आणि दोन पट्ट्यांसाठी सारी खोली बदलण्याची वेळ येते.

वाळवी आणि विवेक

लाकडाच्या प्रश्नात जैन कुटुंबांपुढे एक वेगळा पेच उभा राहतो, तो वाळवीचा. जैन जीवविचारात वाळवीची गणना मुंगीबरोबर त्रींद्रिय जीवांत होते. औषध फवारून हजारो जीवांचा नाश करण्यास मन तयार होत नाही, म्हणून विषय पुढे ढकलला जातो. परंतु ढकलल्याने हिंसा टळत नाही, ती वाढते. वसाहत मोठी होत जाते, आणि शेवटी वरच्या कुटुंबाचा जीव धोक्यात आल्यावर फवारणीवाचून मार्ग उरत नाही.

येथे खरी कसोटी यतनेची आहे. जमिनीखालून येणाऱ्या वाळवीला माती आणि ओल लागते. भिंतीला लागून पुठ्ठ्याची खोकी, जुने वहीखाते, पोती ठेवू नयेत. माल लाकडी पाटावर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावा. पन्हळी, नळ आणि मोरीची गळती लगेच बंद करावी. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या, पहिल्या पावसानंतर खिडकीशी गळून पडलेले पंख, फळीखाली पिठासारखा भुसा, ही चिन्हे महिन्यातून एकदा पाहावीत. नवी फळी बसवायची तर ती साल आणि पांढरे लाकूड नसलेली, आतल्या गाभ्याची आणि आधीच प्रक्रिया केलेली घ्यावी. कोरड्या घरात जीवोत्पत्ती कमी आणि विराधनाही कमी. बुरशीच्या बाबतीतही हेच. ओल टाळणे हा लाकडाच्या रक्षणाचा आणि जीवरक्षणाचा एकच उपाय आहे.

वजनाचा हिशेब

जमीन बदलण्याचा विचार करताना सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे वजन. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतील सप्तशृंगी या चार मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम सुरू असताना तेथला स्लॅब कोसळला आणि खालचे मजले भेदत तळमजल्यापर्यंत आला. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत एक लहान मूलही होते. ही जमीन लाकडी नव्हती. पण जमिनीचे काम केवळ शोभेचे काम नव्हे, याहून अधिक स्पष्ट आणि दुःखद दाखला या परिसरात दुसरा नाही.

पेढीवर हिशेब मांडणाऱ्या वाचकांना पुढचे आकडे पुरेसे बोलके वाटतील. १० फूट बाय १२ फूट खोलीत १८ मिलिमीटर जाडीची सागवानी जमीन भरते साधारण सव्वाशे ते दीडशे किलो. त्याच खोलीत ५ सेंटीमीटर मसाल्याच्या थरावर २ सेंटीमीटर जाडीचा दगड बसवला तर वजन दीड टनाच्या वर जाते. 'लाकूड नको, कटकट नको, लादी टाकू' असे म्हणून जुन्या तुळयांवर लादी बसवणारी कुटुंबे त्या तुळयांवर दसपट भार टाकतात. शिवाय मसाल्यातील पाणी कड्यांमध्ये मुरते आणि वरून बंद झालेले लाकूड पुढे कधी दिसतही नाही. लाकडी मजल्यावर लाकूडच असावे. ते नको असेल तर इंजिनिअरकडून नवा आधार उभारून घ्यावा.

मालाचेही तसेच. निवासी खोलीसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो आहे. ५० किलोची पाच पोती एकावर एक रचली आणि त्यांनी अर्धा चौरस मीटर जागा व्यापली, तर तेथे दर चौरस मीटरला ५०० किलोचा भार पडतो. सणासुदीच्या हंगामात वरच्या मजल्याचा गोदाम म्हणून वापर करणाऱ्या प्रत्येक दुकानदाराने हे गणित एकदा मांडून पाहावे.

काम चालू असतानाही काळजी हवी. आधी खोली रिकामी करावी, खालच्या मजल्यावरून टेकू द्यावेत, उखडलेले साहित्य एका जागी न रचता त्याच दिवशी खाली उतरवावे आणि खालच्या मजल्यावर त्या वेळी कोणालाही राहू देऊ नये. वरच्यांची जमीन हेच खालच्यांचे छत असते.

हंगाम, कागद आणि परवानगी

चातुर्मासात आरंभ-समारंभ टाळण्याची रीत घरोघरी आहे. लाकडी जमिनीपुरती तरी ती व्यवहारदृष्ट्याही अगदी योग्य आहे. दिवाळीनंतर फाल्गुनापर्यंतचा काळ या कामाला उत्तम. आणलेल्या फळ्या किमान दोन-तीन दिवस त्याच खोलीत उघड्या ठेवाव्यात, म्हणजे त्या घराच्या हवेशी जुळवून घेतात. धोक्याची दुरुस्ती मात्र कोणत्याही महिन्यात थांबवू नये.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे बंधनकारक आहे. धोकादायक इमारतींचे वर्गीकरणही ठरलेले आहे. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडण्याची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची. सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करता येणारी आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी अशा इमारतींची यादी जाहीर करतात. आपली इमारत कोणत्या वर्गात आहे हे जाणून घेतल्याशिवाय जमिनीवर खर्च करू नये. सी-१ इमारतीत नवी जमीन घालणे म्हणजे बुडत्या नौकेला रंग देणे. भाड्याच्या किंवा पागडीच्या घरात दुरुस्तीची मागणी मालकाकडे लेखी करावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार घर सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे.

एकंदरीत विचार केला तर निर्णयाची रीत अवघड नाही. डाग, ओरखडे आणि उडालेले पॉलिश हे बदलण्याचे कारण नव्हे. मोजक्या फळ्या खराब असतील तर तेवढ्याच बदलाव्यात. तासण्यास जागा उरली नसेल, फुगलेला गाभा बसत नसेल किंवा फळ्यांचा मोठा भाग पोकळ झाला असेल, तर नवी जमीन घ्यावी. कडी, तुळई किंवा स्लॅब यांविषयी शंका असेल, तर फळीचा विचार बाजूला ठेवून आधी आधार पाहावा. वडिलांनी बांधलेल्या घराचा मान राखणे म्हणजे त्यातील प्रत्येक फळी राखणे नव्हे. त्या घरात वावरणारी माणसे आणि त्यांच्या खालच्या मजल्यावरचा शेजार सुरक्षित राहणे, हाच त्या घराचा खरा मान आहे.